गावची लक्ष्मी यात्रा : जमा किती, नावे किती?

खातेवही

धर्मानं समाजाचं भलं जास्त केलं की वाटोळं, हा वाद काढला की तिसऱ्या प्रतिसादात औरंगजेब येतो आणि दहाव्यात धाग्याला कुलूप लागतं. म्हणून इथं एकच वस्तू घेऊ, आपल्या सगळ्यांच्या माहितीतली. बेळगाव, खानापूर, हुक्केरी भागातली गावची महालक्ष्मी यात्रा. कुठं पाच वर्षांनी, कुठं बारा वर्षांनी, कुठं त्याहून लांब. देवीला गाऱ्हाणं घालून तारीख धरायची, वार पाळणूक (ठरल्या वारी काम बंद), पहाटे देवीचा विवाह, होन्नाट (भंडारा उधळत देवीला गावभर खेळवणं), रथ, मग देवी गदगेवर, म्हणजे यात्रेपुरत्या बैठकीवर, शेवटी सीमेकडे. क्रम थोडाफार इकडेतिकडे, पण चाल हीच.

पंच कमिटीची वही सगळे बघतात. घराची वही कुणी बघत नाही, म्हणून ती मांडतो. मध्यम शेतकरी घर, मटणाच्या दिवशी २५० पाहुणे. ताटाला १८० ग्रॅम कच्चं मटण धरलं तर ४५ किलो. तीस किलोच्या जिवंत बकऱ्याला निम्मा उतारा धरला तर तीन बकरी. ७५० रुपये किलोच्या भावानं ३३,७५०. तांदूळ किलोला नऊ माणसं म्हणजे २८ किलो. तेल, मसाला, शाकाहारी पाहुण्यांची वेगळी चूल, आचारी, भांडी, मांडव मिळून आणखी ३३,००० च्या आसपास. घराला रंग ३०,०००. लेकीजावयांचा आहेर २५,०००. वर्गणी १०,०००. झाले एक लाख बत्तीस हजार. पाच मंगळवार वार पाळला, घरात दोघं मजुरीला जाणारे असले, तर ४०० रुपये हजेरीनं ४,००० बुडाले ते निराळेच.

आता खरी गंमत. यातले ३२ हजार घरात आहेत, लाख उभे करायचेत. पाच वर्षं आधीपासून साडेसहा टक्के व्याजाच्या आवर्ती ठेवीत महिना १,४०० टाकले, तर ८४,००० भरून लाखाच्या जवळपास हातात येतात. सोनं गहाण ठेवून महिना एक टक्क्यानं उचलले आणि तीन वर्षांनी फेडले, तर व्याज ३६,०००. सावकाराचे महिना तीन टक्के असतील तर तीन वर्षांत व्याजच १,०८,०००, मुद्दल जागच्या जागी. देवी तीच, बकरी तीच. एकाला लाख ८४ हजारांत पडले, दुसऱ्याला दोन लाख आठ हजारांत.

हा फरक कुणाच्या नावे लिहायचा? त्यावर बोला. ज्याला रथ, पाणी, वीज, स्वयंपाक यातलं कळतं त्यानं आकड्यानिशी लिहावं. "आमच्या वेळी" नको.

कुंदाप्रेमी

अफूची गोळी. विषय संपला.

माळरान

कुंदाप्रेमी, दोन शब्दांत संपणारा विषय असता तर अण्णांनी एवढा हिशोब कशाला मांडला असता?

खातेवही अण्णा, तुमचा हिशोब बरोबर, खातं चुकलंय. २५० पाहुणे देवीनं बोलावलेले नाहीत. देवीला ओटी, नारळ आणि हळदकुंकू पुरतं, ते पाचशेच्या आत होतं. बाकी सगळा शेजाऱ्याच्या वर मांडव घालायचा खर्च. लग्नातही हेच होतं, वास्तुशांतीतही होतं. तो धर्माच्या डोक्यावर टाकू नका.

खातेवही

मान्य. मग दुसऱ्या बाजूलाही तेच लावा. यात्रेच्या निमित्तानं रस्ता झाला, गटार झाली, भाऊबंदकी मिटली, की आपण "देवीची कृपा" म्हणतो. जमेला देवी आणि नावेला माणूस, अशी वही कुठला ऑडिटर पास करील? एक तर दोन्ही देवीच्या नावावर, नाही तर दोन्ही आपल्या.

दोरखंड

रथावर लिहितो. इथं भक्ती आणि अपघात यांच्यामध्ये एक लाकडी पाचर असते.

रथ उंच आणि अरुंद असतो हे मूळ दुखणं. दोन चाकांमधलं अंतर ८ फूट आणि रथाचा भारमध्य जमिनीपासून १६ फुटांवर असेल, तर साधारण १४ अंश कलला की रथ जातो. एका बाजूचं चाक फूटभर खड्ड्यात बसलं की ७ अंश तिथंच संपले. उरलेले ७ अंश दोर एका बाजूनं जास्त ओढल्यानं आणि वर उभ्या माणसांच्या हलण्यानं संपायला वेळ लागत नाही. भारमध्य १२ फुटांवर आणला तर हीच मर्यादा १८ अंशांवर जाते. म्हणून वरच्या मजल्यावर देवी आणि एक पुजारी, बाकी कुणी नाही. हा नियम मानाचा नाही, भूमितीचा आहे. मानकऱ्यांना नेमकं हेच पटवणं अवघड जातं.

रथ शिवारातून न्यायचा असेल तर त्या पट्ट्यातलं पाणी किमान आठ दिवस आधी तोडा, उसाचे बुडखे काढा, पाट बुजवा, रोलर फिरवा आणि चुन्यानं दोन्ही चाकांची रेघ मारा. नुसती बुजवलेली चर वरून कोरडी दिसते, आत चाक घोट्याएवढं जातं.

पाचर लावणारा माणूस सगळ्यांत धोक्यात. पाचरीला ५-६ फुटांचा दांडा हवा, म्हणजे तो चाकाच्या बाजूला राहून पाचर सरकवू शकतो, पुढ्यात वाकत नाही. शिट्टी एकाच्याच हातात. ढोल थांबल्याशिवाय शिट्टी ऐकू येत नाही, म्हणून झेंडाही ठेवा. दोराच्या दोन्ही बाजूंना माणसं सारखी. दोर आणि रथ यांच्यामधल्या पट्ट्यात कुणीही नको. पोरं तिथंच घुसतात.

सात-बारा वर्षं शेडमध्ये उभ्या रथाचा आस वाळवीनं आतून खाल्लेला असतो आणि वर रंग झकास असतो. हातोडीनं ठोकत जा. भरीव लाकूड खणखणतं, पोकळ बद्द वाजतं. शंका आली तिथं टोचा घालून बघा. ही तपासणी तीन महिने आधी करा, म्हणजे नवा आस घडवून वाळवायला सुताराला वेळ मिळतो. आठ दिवस आधी केली तर लोक म्हणतात, "आता राहूदे की, देवी सांभाळंल."

फेजगेला

दोरखंड, विजेचं राहिलं. रस्ता ओलांडणाऱ्या लघुदाब तारेची किमान उंची ५.८ मीटर, ११ केव्हीची ६.१ मीटर. म्हणजे १९-२० फूट. रथ ३५-४० फूट. तारा उचलून रथ खालून काढायचा विचारसुद्धा करू नका.

हेस्कॉमच्या, म्हणजे आपल्या वीज कंपनीच्या, सेक्शन ऑफिसला मार्गाचा नकाशा जोडून पंधरा दिवस आधी अर्ज. मग लाईनमनसोबत पूर्ण मार्ग चालून तारा मोजा. उंची मोजायला लोखंडी टेप किंवा ओला बांबू वर नेऊ नका. मोजमाप लाईनमनच्या इन्सुलेटेड काठीनंच. यात्रेदिवशी एलसी (लाईन क्लिअर, म्हणजे लाईन बंद केल्याची कबुली) तोंडी नको, लेखी हवी. फीडर (त्या भागाची ११ केव्ही लाईन) बंद, एबी स्विच (खांबावरचा लाईन तोडणारा स्विच) उघडा, कामाच्या दोन्ही बाजूंनी तारा अर्थ केलेल्या, मगच रथाचा पहिला दोर ओढायचा.

आणि सगळे विसरतात ती गोष्ट: लाईट गेली की मांडववाल्याचा जनरेटर सुरू होतो. चेंजओव्हर स्विच (लाईन आणि जनरेटर एकदम जोडू न देणारा) न बसवता तो घराच्या बोर्डात जोडला असेल तर वीज उलटी ट्रान्सफॉर्मरकडे जाते आणि पलीकडे ११ हजार होऊन निघते. फीडर बंद असूनही लाईनमन मरतो तो असा. दोन्ही बाजूंचं अर्थिंग त्याच्यासाठी असतं. मार्गावरच्या प्रत्येक जनरेटरची यादी करा आणि चेंजओव्हर डोळ्यांनी बघा.

नळकोंडाळं

पाण्याचं मी घेते.

तीन हजारांच्या गावात मुख्य दिवशी पंधरा हजार माणूस आलं, तर नुसतं पिण्यालाच माणशी ५ लिटर धरून ७५,००० लिटर लागतात. पंचायतीची टाकी ५०,००० ची. मग टँकर, आणि टँकर कुठल्या विहिरीवर भरला हे कुणी विचारत नाही.

ब्लीचिंग पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम. म्हणजे ५० हजारांच्या टाकीला १२५ ग्रॅम. बादलीत थोड्या पाण्यात लापशीसारखी कालवायची, पाऊण बादली पाणी घालून ढवळायची, दहा मिनिटं निवळू द्यायची आणि वरची निवळीच टाकीत ओतायची. खालचा चुन्याचा गाळ टाकीत टाकू नका. तासभर पाणी सोडायचं नाही. नंतर टाकीजवळच्या नव्हे, गावाच्या टोकाच्या शेवटच्या नळाला क्लोरोस्कोप (क्लोरिन मोजायचं साधन) लावा. लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी उरलेलं क्लोरिन दिसायला हवं, यात्रेत ०.५ ठेवा.

बिघडतं ते तीन ठिकाणी. पावडरीचं पोतं महिन्याभरापूर्वी उघडलेलं असतं, त्यातला क्लोरिन उडालेला. मात्रा बरोबर आणि परिणाम शून्य. दुसरं, नळाची लाईन गटारीतून गेलेली. पाणी सुटतं-बंद होतं तशी पाइपात आत शोषणारी ओढ तयार होते आणि फुटक्या जोडातून गटार आत येते. यात्रेत तरी पाणी दिवसभर दाबाखाली ठेवा. तिसरं संडास. पन्नास जणांमागे एक धरलं तर पंधरा हजारांना ३०० लागतात. तेवढे फिरते मिळत नाहीत. घरटी संडास पाहुण्यांना उघडे ठेवायचे आणि पंचायतीनं त्यांच्या टाक्या आधीच उपसून घ्यायच्या, एवढं केलं तरी निभतं.

धर्मानं रोगराई आणली म्हणायला सोपं. जंतूला यात्रा आणि राजकीय सभा यातला फरक कळत नाही. पण यात्रेची तारीख वर्षभर आधी ठरते, त्यामुळे "वेळ मिळाला नाही" ही सबब चालत नाही, एवढाच यात्रेवरचा माझा जादा आरोप.

कुंदाप्रेमी

अक्का, मग जेवणानं पोटं बिघडतात ती? मटण शिळं असतं म्हणून?

नळकोंडाळं

मटणापेक्षा भात घातकी. सकाळी अकराला शिजवलेला भात ताडपत्रीखाली ढीग करून चारपर्यंत ठेवतात. बॅसिलस सेरियसचे बीजाणू शिजवण्यात मरत नाहीत, कोमट ढिगात वाढतात आणि त्यांचं विष पुन्हा गरम करून जात नाही. खाल्ल्यावर एक ते पाच तासांत उलट्या. भात दोन-दोन तासांच्या वाढपाएवढाच टाका. २८ किलो एकदम नाही, सात-सातचे चार घाणे.

कानोसा

डॉल्बीवर कुणी बोलेना, म्हणून. २००० च्या ध्वनी नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्र दहा ते सहा. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज आसपासच्या मर्यादेहून १० नं जास्त किंवा ७५, यातलं जे कमी असेल ते. सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सवलत देऊ शकतं, पण ती वेळेची सवलत आहे, डेसिबलची नव्हे.

ट्रॉलीवरच्या स्पीकरचा आवाज एक मीटरवर १२० धरा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की ६ नं उतरतो: दोन मीटरवर ११४, चारवर १०८, आठवर १०२. गावातली बोळ बारा फुटांची, भिंत दोन मीटरवर. त्यात दोन्ही भिंतींचा परतावा. ७५ वर यायला मोकळ्यात पावणेदोनशे मीटर लागतात. त्यामुळे "मर्यादेत वाजवा" या परवानगीला बोळात अर्थच नाही. तिथं ट्रॉली नेऊच नये. १०० डेसिबलला कानाची सहनशक्ती दिवसाला पंधरा मिनिटं. होन्नाट हलगी-ढोलावर चालतं, त्याला डॉल्बी लागत नाही. ही भर अलीकडची आहे, तिला परंपरा म्हणू नका.

मलप्रभाकाठ

लक्ष्मी यात्रेचा हिशोब पैशात मांडता येतो, म्हणून तो सोपा आहे. याच बेळगाव जिल्ह्यात सौंदत्तीचा यल्लम्मा देवीचा डोंगर आहे. देवदासीची नोंद कुठल्या रकान्यात करणार?

कायद्याची तारीख बघा. हा भाग मुंबई इलाख्यात होता, त्यामुळे १९३४ चा मुंबईचा देवदासी कायदा इथं लागू होता. तरी कर्नाटकाला १९८२ मध्ये पुन्हा कायदा करावा लागला. त्या कायद्यात मुलगी देवीला सोडणाऱ्याला, त्यात भाग घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होती. आईबाप, पालक किंवा नातेवाईक असतील तर किमान दोन आणि कमाल पाच वर्षं. आणि तरीही २००७-०८ च्या सरकारी सर्वेक्षणानंतर राज्यातली नोंद ४६,६६० वर गेली, बहुतेक उत्तर कर्नाटकातली.

कारण नुसती श्रद्धा नव्हती. ज्या घरात मुलगा नाही तिथं मुलीला देवीला सोडलं की ती माहेरीच राहते, मुलासारखा वारसा घेते, आईबापांना सांभाळते. मुलीला मुलाचा हक्क द्यायची ती आडवाट होती, आणि तिची किंमत त्या मुलीनं शरीरानं मोजली. त्यातही बहुतेक मुली दलित घरांतल्या. वरच्या आळीत मुलगा नसला तर दत्तक घेतात, देवीला मुलगी सोडत नाहीत. हिंदू वारसा कायद्यात २००५ ला मुलीला जन्मानं समान हिस्सा आला; पण जिथं उताऱ्यावर जमीनच नाही तिथं हिस्सा कशाचा?

आता डोंगरावर उघड काही होत नाही. घरात किंवा आडबाजूच्या देवळात, एखाद्या जोगतिणीकडून लाल-पांढऱ्या मण्यांची माळ गळ्यात बांधली जाते. मुलगी अल्पवयीन असेल तर १०९८ वर फोन करा, कुणी केला हे गुप्त राहतं.

सुरुवात बऱ्याचदा डोक्यातल्या जटेपासून होते. जट म्हणजे केस विंचरायचे थांबले, त्यात तेल, घाम, भंडारा आणि धूळ बसून नमद्यासारखा गठ्ठा झाला, एवढंच. "देवीनं धरलंय" म्हटलं की कुणी फणी लावत नाही आणि गठ्ठा वाढतो. सोडवताना आधी धुऊ नका. ओली जट जड होते, मानेला ओढ बसते आणि गुंता घट्ट होतो. बोथट टोकाच्या कात्रीनं टाळूपासून बोटभर वर, थोडी थोडी कापत जायचं. खाली उवा, बुरशी, कधी जखम निघते. उवांना १ टक्का पर्मेथ्रिन दहा मिनिटं, आठ-नऊ दिवसांनी पुन्हा. जखम असेल तर आधी दवाखाना. आणि बाईची मर्जी झाल्याशिवाय कात्री उचलायची नाही. दुसऱ्या दिवशी घरात म्हैस आजारी पडली तरी खापर तिच्या डोक्यावर फुटतं, म्हणून पुढचे महिनाभर कुणीतरी तिच्या घरी जात राहायला हवं.

माळरान

अक्का, वाचून गप्प झालो. पण ही देवदासी प्रथा आणि गावची लक्ष्मी यात्रा एका वहीत कशी?

मलप्रभाकाठ

धाग्याची पहिली ओळ परत वाचा. "धर्म" असं लिहिलंय, "आपल्याला आवडतो तेवढा धर्म" असं नाही.

माहेरवाशीण

जमेच्या बाजूला कुणी धड लिहिलेलंच नाही, ते मी लिहिते.

बेळगावच्या किल्ल्यात जा. १२०४ ची कमल बस्ती, १५१९ ची साफा मशीद, आणि विवेकानंद १८९२ ला राहिले होते त्या ठिकाणचा रामकृष्ण मिशनचा आश्रम, सगळं चालत फिरण्याच्या अंतरात. गावातली बेनन स्मिथ शाळा मिशनऱ्यांची, १८३२ ची. नागनूर रुद्राक्षी मठात गरीब पोरांना राहणं-जेवण फुकट, जात न विचारता. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून बोर्डिंगं काढली, त्यात मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान अशी निरनिराळी होती. (निरनिराळी का, तर एका पंगतीला बसायला लोक तयार नव्हते. तेही धर्मामुळेच, हे मलप्रभा अक्का सांगायच्या आत मीच सांगते.)

यात्रेचं म्हणाल तर लेकी माहेरी येतात हा मोठा जमाखर्च आहे. सासरी वाटणीवरून, दवाखान्यावरून काय चाललंय ते फोनवर कळत नाही, चार दिवस चुलीपुढं बसल्यावर कळतं. भाऊबंदकीचं तसंच. रथाचा दोर, गदगेचा मान, ओटीचा क्रम यावर सही लागते, म्हणून दहा वर्षं न बोलणारे एका घोंगडीवर बसतात. कोर्टात तारखा पडत राहतात, इथं तारीख एकच असते. आणि बांधाचं भांडण त्याच बैठकीत मिटवायचा पायंडा पुष्कळ गावांत आहे. देवीपुढं मराठीत गाऱ्हाणं आणि कानडीत गाणं, यावरून आमच्याकडे कुणाचं डोकं फुटत नाही. ते फलकांवरून फुटतं.

खातेवही

माहेरवाशीण अक्का, तो जमाखर्च मान्य. दहा वर्षांचा अबोला मोडला त्याला किंमत लावता येत नाही, म्हणून शून्य लिहिणंही चूक.

जिथं खर्च खरंच उतरतो तिथं काय केलेलं असतं? मटणाचा दिवस एकच, सगळ्या गावाचा एकाच तारखेला. पाहुणा त्या दिवशी चार घरांत विभागला जातो आणि ताटं आपोआप कमी होतात. आहेर बंद, असा ठराव बायकांच्या संघानं केला तर टिकतो. पंचांनी केला तर पंचाच्याच घरी मोडतो. यात्रा संपल्यापासून पुढच्या यात्रेपर्यंत घरटी भिशी. आणि वर्गणी एकरावर, घरावर नाही, भूमिहीनाकडून ऐच्छिक. वर्गणी म्हणजे कर नव्हे. ती दिली नाही म्हणून पाणी तोडणं, दाखला अडवणं बेकायदा आहे.

बळीचं दोन ओळींत. कर्नाटकाच्या १९५९ च्या कायद्यानं देवळाच्या आवारात बळी द्यायला बंदी आहे, म्हणून बकरी आता दारात कापतात. रेड्याचा प्रश्न २०२० च्या कायद्यानं संपवला. १३ वर्षांखालच्या म्हैसवर्गीयांचीही कत्तल बंद. सावकाराचं म्हणाल तर फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्यानं सक्तीच्या वसुलीविरुद्ध अध्यादेश काढला, नंतर त्याचा कायदा झाला, दहा वर्षांपर्यंत कैद आहे. महिना तीन टक्केवाला घरी येऊन दमदाटी करत असेल तर पोलिसांत जा.

खाटीकगल्ली

एवढी विद्वान मंडळी जमली आणि पहिलाच हिशोब चुकलाय. बकऱ्याचा निम्मा उतारा कुठं मिळतो? बाजाराच्या दिवशी मीठ चारून पाणी पाजलेलं असतं, पोटच चार किलोचं. वजन सकाळी उपाशीपोटी करून घ्या, तरी ४५ टक्के धरा. मुंडी, पाय, वजडी यात नाही.

खातेवही

बरोबर. तिसाचं ४५ टक्के साडेतेरा, तीन बकऱ्यांचे साडेचाळीस. साडेचार किलो कमी पडतात. वरून आणले तर ३,३७५ रुपये वाढतात, नाही तर ताटाला १८० ऐवजी १६२ ग्रॅम. मूळ लेखात दुरुस्ती करतो. १६२ वाढलं तर कुणी रुसून उठेल काय?

खाटीकगल्ली

रस्सा पातळ करा की.